मिठाचा शिपाई आणि मनाचा शिपाई

शिपायाच्या अंगच्या गुणांत आपल्या लोकांनीं शौर्यापेक्षांहि इमानाला वरचें स्थान दिलेलें आहे. खाल्ल्या मिठास जागणें हा त्याचा धर्म. ज्याची भाकरी खाल्ली त्याच्यासाठीं प्रसंगीं मान द्यावी, आणि ती देतांना त्याच्या बऱ्यावाइटाची वाच्यता करूं नये, असाच या धर्माचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या केला गेला. या इमानाच्या अगदीं उलट टोंकाला आपण जो शब्द ठेवला तो फितुरी. किल्ल्याचा दरवाजा आंतून उघडणारा तो फितूर, शत्रूला वाट दाखविणारा तो फितूर, आणि आपल्या पक्षाचें उणें चारचौघांत बोलून दाखविणाराहि फितूरच. इमान आणि फितुरी यांच्या मधें तिसऱ्या कोणाला उभें राहण्यापुरती जागा आहे कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या युद्धविषयक वाङ्मयानें फारसा विचारलेला नाहीं. तो विचारावयास लावणारें एक इंग्रजी पुस्तक आहे. त्याचें परीक्षण करावें आणि त्याच्या उजेडांत आपल्या घरच्या वाङ्मयाकडेहि एकदां पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु.

'होमेज टु कॅटलोनिया', म्हणजे 'कॅटलोनियाला मानवंदना', हें जॉर्ज ऑर्वेल यांचें पुस्तक १९३८ सालच्या एप्रिलांत लंडन येथें प्रसिद्ध झालें. ज्या प्रकाशकाकडे त्यांचीं आधींचीं पुस्तकें होतीं त्यानें हें पुस्तक लिहून होण्यापूर्वींच नाकारलें. दुसऱ्या प्रकाशकानें प्रती काढल्या त्या १५००. आणि १९५० च्या जानेवारींत लेखक वारले तेव्हांहि त्या संपलेल्या नव्हत्या. आज मात्र त्या युद्धावरील सर्वांत अधिक वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना होते. आपल्याकडील वाचकांस ऑर्वेल माहीत आहेत ते 'अ‍ॅनिमल फार्म' आणि '१९८४' या कादंबऱ्यांमुळें. परंतु त्या दोहोंचें बीज या अनुभवकथनांत आहे. लेखकाचा आपल्याकडील मुलुखाशीं असलेला संबंधहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९०३ सालीं बिहारांतील मोतीहारी येथें त्यांचा जन्म झाला. वडील सरकारच्या अफूच्या खात्यांत नोकरीला होते. आणि स्वतः ऑर्वेल यांनीं १९२२ ते १९२७ हीं ५ वर्षें ब्रह्मदेशांत पोलिस अधिकारी म्हणून काढलीं. साम्राज्याचें मीठ खाऊन, तें पचेना म्हणून नोकरीचा राजीनामा दिलेला असा हा मनुष्य होता.

ज्या यादवींत ते गेले तिची हकीकत थोडक्यांत अशी. १९३६ च्या फेब्रुवारींत स्पेनमध्यें निवडणूक होऊन डाव्या पक्षांच्या आघाडीचें सरकार अधिकारावर आलें. जुलैच्या १७ व १८ तारखांना लष्करांतील सेनापतींनीं त्याविरुद्ध बंड पुकारलें. पुढें जनरल फ्रँको त्यांचे नायक झाले. जर्मनी आणि इटली यांनीं बंडवाल्यांस विमानें व सैनिक पुरविले. प्रजासत्ताकाला शस्त्रें मिळालीं तीं मुख्यतः रशियाकडून. इंग्लंड व फ्रान्स हे देश अलिप्ततेच्या पडद्याआड बसून राहिले. सरकारचें सैन्यच फुटल्यामुळें पहिले कित्येक महिने युद्धाचा भार उचलला तो कामगार-संघांनीं आणि राजकीय पक्षांनीं घाईघाईनें उभ्या केलेल्या स्वयंसेवकांच्या पथकांनीं. आपल्याकडे महालांत आणि किल्ल्यांवर गरजेपुरती ठेवलेली शिबंदी असे. परंतु ती पोटासाठीं चाकरी करी. स्पेनमधील ही शिबंदी स्वखुशीची होती. काल कारखान्यांत असलेला मनुष्य आज खंदकांत उभा राही, आणि त्याला तेथें धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे बहुतांशीं त्याचें स्वतःचें मनच. १९३७ च्या मध्यापर्यंत हीं पथकें मोडून नियमित लोकसेनेंत सामावून घेण्यांत आलीं. त्यांचें आयुष्य असें वर्षभराचेंच. ऑर्वेल यांचें पुस्तक हें त्या अल्पायुषी पथकांचें चित्र आहे.

ही सगळी दूरदेशींची कथा, तिच्याशीं आपणांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. तसें म्हणण्यापूर्वीं नागपूरच्या गोपाळ मुकुंद हुद्दार यांचें स्मरण करावें. १९२९ सालीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह झालेले हे गृहस्थ पुढें बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या खटल्यांत तुरुंगांत गेले. सुटल्यावर वृत्तपत्रव्यवसायाच्या शिक्षणासाठीं लंडनला गेले. आणि तेथून १९३७ सालीं स्पेनच्या रणांगणावर जाऊन आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश बटालियनमध्यें दाखल झाले. तेथें त्यांनीं नांव धारण केलें होतें 'जॉन स्मिथ'! या बटालियनला मुंबईंत जन्मलेल्या आणि लंडनच्या बॅटरसी भागांतून पार्लमेंटांत निवडून गेलेल्या शापुरजी सकलातवाला यांचें नांव देण्यांत आलें होतें. मात्र तें फारसें रूढ झालें नाहीं. १९३८ च्या एप्रिलांत गांदेसा येथील माघारींत हुद्दार शत्रूच्या हातीं सांपडले. त्यांना सान पेद्रो दे कार्देन्या येथील जुन्या मठांत, जेथें परदेशी स्वयंसेवकांस कोंडून ठेवीत तेथें, ठेवण्यांत आलें. आणि वर्ष संपण्याच्या सुमारास ते सुटून मायदेशीं परतले. ज्या महिन्यांत ऑर्वेल यांचें पुस्तक लंडनच्या दुकानांत आलें त्याच महिन्यांत नागपूरचा हा शिपाई फ्रँकोचा कैदी झाला. हे दोघेहि एकाच बाजूचे. पण त्या बाजूच्या दोन भिन्न पथकांतले. त्यांच्यांतील अंतराकडे आपणांस पुढें वळावयाचें आहे.

प्रथम पुस्तकाचे गुण पाहूं. ऑर्वेल १९३६ च्या डिसेंबराच्या अखेरीस बार्सेलोनाला पोहोंचले. वर्तमानपत्रांसाठीं लेख लिहावे अशा बेतानें आलेला हा मनुष्य शहरांतील वातावरण पाहून 'पौम' नांवाच्या एका लहानशा मार्क्सवादी पक्षाच्या पथकांत भरती झाला. तें वातावरण त्यांनीं लहान लहान खुणांनीं दाखविलें आहे. उपाहारगृहांतला वाढपी गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. बक्षिसी देणें निषिद्ध आहे. आणि भाषेंतलें आदरार्थी संबोधन नाहींसें होऊन सगळे एकमेकांस 'तूं' म्हणूं लागले आहेत. या शेवटल्या खुणेचें मर्म इंग्रज वाचकाला सांगून समजावें लागतें, कारण त्याच्या भाषेंत हा भेद उरलेला नाहीं. मराठी वाचकाला तें सांगावें लागत नाहीं. ज्या घरांत सासऱ्याला 'अहो', गड्याला 'अरे' आणि पाहुण्याला 'आपण' म्हटलें जातें, त्या घराला एखाद्या शहरानें एका रात्रींत सर्वांना 'तूं' म्हणण्याचें ठरविलें म्हणजे काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पना चटकन्‌ येते.

भरतीनंतर येतें तें युद्ध. परंतु वाचकाची अपेक्षा असते तसलें तें नाहीं. शिकवण म्हणून दिली जाते ती कवाइतीची. बंदूक कशी झाडावी हें कोणी शिकवीत नाहीं. पुढें हातांत पडते ती १८९६ सालची जर्मन बंदूक. पथकांत १६-१७ वर्षांचीं पोरें आहेत. आरागॉनच्या डोंगरांत समोरासमोर खंदक आहेत, आणि मधलें अंतर इतकें कीं गोळी लागलीच तर ती योगायोगानें. हिंवाळ्यांतील खंदकांत महत्त्वाच्या वस्तु कोणत्या याची लेखकानें यादी दिली आहे : जळण, अन्न, तंबाखू, मेणबत्त्या आणि शत्रु, आणि शत्रूचा क्रम त्यांत शेवटचा आहे. एक शिपाई कर्णा घेऊन पलीकडच्या उपाशी शिपायांना ओरडून सांगतो कीं, आम्ही येथें लोणी लावलेला भाजका पाव खात आहों; आणि तें ऐकून त्याच्याच बाजूच्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतें, कारण लोणी त्यांनींहि कित्येक दिवसांत पाहिलेलें नसतें! हा विनोद केवळ करमणुकीसाठीं आलेला नाहीं. ११५ दिवस आघाडीवर काढलेल्या मनुष्यानें आपल्या हातून काय घडलें याचा मांडलेला प्रामाणिक हिशेब आहे तो. पराक्रमाचा आंकडा फुगविण्याची संधि लेखकाला पानोपानीं होती; ती त्यानें एकदांहि घेतलेली नाहीं. त्यामुळें पुढें तो जेव्हां गंभीर आरोप करतो तेव्हां वाचकाचा त्याच्यावर विश्वास बसतो. साक्षीदाराची पत ही अशीच लहानसहान गोष्टींतून जमत असते.

पथकांतील शिस्तीविषयीं त्यांनीं केलेलें विवेचन सर्वांत मोलाचें आहे. सेनापतीपासून साध्या शिपायापर्यंत सर्वांस पगार सारखाच, दिवसाला १० पेसेता. हुकूम दिला जाई तो सोबत्यानें सोबत्याला दिलेला. 'कां' असें विचारण्याचा हक्क प्रत्येकाला. धंदेवाईक लष्करी माणसें या प्रकाराला हंसलीं. ऑर्वेल स्वतःहि आरंभीं वैतागले होते. परंतु त्यांचें अखेरचें मत असें कीं, भीतीवर उभारलेल्या शिस्तीपेक्षां समजुतीवर उभारलेली शिस्त तयार व्हावयास वेळ अधिक लागतो इतकेंच. ती कमी टिकाऊ नसते. शस्त्रें नाहींत, कपडे नाहींत, पळून जाणाराला अडविणारें कोणी नाहीं, अशा स्थितींत हे लोक महिनेच्या महिने खंदकांत राहिले, याहून दुसरा पुरावा काय हवा? आम्ही ज्याला मनाचा शिपाई म्हणतों तो हा.

आतां पुस्तकाच्या मर्माकडे येऊं. १९३७ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस बार्सेलोनांतील टेलिफोन कचेरीच्या ताब्यावरून सरकारचे पोलिस आणि कामगार यांच्यांत चकमकी उडाल्या. आघाडीवरून रजेवर आलेले ऑर्वेल तीन दिवस एका चित्रपटगृहाच्या गच्चीवर पहारा देत बसले. ज्यांच्या विरुद्ध लढावयास ते आले होते ते शत्रु कोठेंच दूर. समोर बंदुका होत्या त्या आपल्याच पक्षाच्या. यादवीच्या पोटांत दुसरी यादवी जन्मली ती अशी. वर्तमानपत्रांनीं सगळा दोष 'पौम'वर ढकलला आणि हा पक्ष फ्रँकोचा हस्तक असल्याचें जाहीर केलें. ऑर्वेल पुन्हा आघाडीवर गेले, २० मे रोजीं वेस्का शहराच्या आघाडीवर त्यांच्या गळ्यांतून गोळी आरपार गेली, ते वांचले. १६ जूनला 'पौम' बेकायदा ठरविण्यांत आला, आणि त्याचे पुढारी आंद्रेस निन यांना पकडून ठार मारण्यांत आलें. बॉब स्मायली हा ऑर्वेल यांचा तरुण सोबती व्हॅलेन्शियाच्या तुरुंगांत मरण पावला. ऑर्वेल यांनीं यांतली एक गोष्ट अतिशय संयमानें पण विसरतां न येईल अशा रीतीनें सांगितली आहे. पक्षावर बंदी आल्याची बातमी आघाडीवरच्या शिपायांपासून लपविण्यांत आली. मागें शहरांत ज्यांना देशद्रोही म्हणून तुरुंगांत टाकीत होते, त्यांचेच सोबती वेस्काच्या समोर सरकारसाठीं प्राण देत होते. आणि आपल्याला काय नांव दिलें गेलें आहे हें त्यांतल्या कित्येकांस मरतांना ठाऊकहि नव्हतें.

येथें आरंभींचा प्रश्न उभा राहतो. ऑर्वेल यांनीं हें सर्व लिहिलें तेव्हां प्रजासत्ताक अजून लढत होतें. त्याचा पाडाव व्हावयास १९३९ चा वसंत उजाडावयाचा होता. अशा वेळीं आपल्या पक्षाचें पाप चव्हाट्यावर आणणें ही शत्रूला मदत नव्हे काय? त्या काळीं अनेक सज्जनांनीं असाच आक्षेप घेतला, आणि त्यांतल्या सगळ्यांचे हेतु वाईट होते असें म्हणतां येणार नाहीं. आम्हांसहि हा आक्षेप सहज उडवून देतां येत नाहीं. परंतु त्याचें उत्तर पुस्तकांतच आहे. फितूर मनुष्य आपलें बोलणें शत्रूच्या कानांत, अंधारांत आणि मोबदला घेऊन बोलतो. ऑर्वेल यांनीं तें आपल्याच लोकांसमोर, उजेडांत आणि स्वतःचें नुकसान करून घेऊन बोललें. शिवाय ज्या ध्येयासाठीं ते गेले त्या ध्येयावरची त्यांची श्रद्धा शेवटच्या पानापर्यंत कमी झालेली नाहीं. उलट, माणसांच्या सभ्यतेवरील आपला विश्वास या अनुभवानें वाढला असें त्यांनीं बजावून सांगितलें आहे. रणांगणावर लढणारे साधे कम्युनिस्ट शिपाई आणि दूर सुरक्षित बसून बदनामी छापणारे लेखक यांत त्यांनीं सतत भेद केला आहे. जो आपल्या पक्षाला आपला देह देतो पण आपली जीभ देत नाहीं, तो फितूरहि नव्हे आणि मिठाचा बंदाहि नव्हे. इमान आणि फितुरी यांच्या मधली जी जागा आम्ही शोधीत होतों ती याची. त्याला साक्षीदार म्हणावें.

पुस्तकाच्या रचनेंत एक गोष्ट लेखकानें मुद्दाम योजली असो वा नसो, ती फार अर्थपूर्ण आहे. आरंभीं, भरतीच्या आदल्या दिवशीं, बराकींत एक इटालियन शिपाई भेटतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाहीं; एक हस्तांदोलन होतें, आणि पुन्हा भेट कधींच होत नाहीं. शेवटीं, स्वतः लपतछपत असतांना ऑर्वेल तुरुंगांत पडलेल्या आपल्या अधिकाऱ्याच्या सुटकेसाठीं एका सरकारी कचेरींत जातात. तेथला एक लहानखुरा अधिकारी, हा मनुष्य बंदी घातलेल्या पक्षाचा आहे हें कळल्यावरहि, पोलिसांच्या देखत त्यांचा हात हातांत घेतो. पहिल्या हस्तांदोलनास कांहीं किंमत द्यावी लागत नव्हती. दुसऱ्याला फार मोठी किंमत पडण्याचा संभव होता. या दोहोंच्या मधल्या सहा महिन्यांत काय घडलें तेंच हें पुस्तक.

आतां दोष. पुस्तकांतील पक्षोपपक्षांच्या वादाचीं दोन प्रकरणें कथेचा ओघ तोडतात, ही तक्रार जुनी आहे. लेखकानेंहि तीं परिशिष्टांत टाकावीं अशी इच्छा लिहून ठेविली होती, आणि १९८६ सालच्या आवृत्तीपासून तसें करण्यांत आलें. आमच्या मतें या फेरफारानें पुस्तक वाचावयास सोपें झालें पण दुबळेंहि झालें. शिपायावर काय अन्याय झाला हें समजण्यासाठीं तो वाद समजणें अवश्य आहे. तो शेवटास ढकलला म्हणजे घाईचा वाचक तो सोडून देतो, आणि उरते ती एक साहसकथा. शक्य असेल त्यानें जुन्या क्रमानेंच वाचावें.

दुसरा दोष दृष्टिक्षेपाच्या मर्यादेचा. आरागॉनचा एक शांत कोपरा आणि बार्सेलोना एवढेंच लेखकानें पाहिलें; माद्रिदचा वेढा किंवा दक्षिणेकडील युद्ध त्यांत नाहीं. पण आपण एका कोपऱ्यांतून पाहिलें आहे, आपल्या पक्षपातापासून सावध राहा, असा इशारा त्यांनीं स्वतःच दिल्यामुळें या दोषाची धार बोथट होते.

तिसऱ्या दोषाला मात्र अशी ढाल नाहीं. बार्सेलोनाच्या कचेरींत काम करणारी त्यांची पत्नी आयलीन या पुस्तकांत सर्वत्र 'माझी पत्नी' म्हणूनच वावरते. पोलिस शोधीत असतांना हॉटेलच्या दिवाणखान्यांत ती पुढें येते, हंसऱ्या चेहऱ्यानें त्यांच्या गळ्यांत हात टाकते आणि कानांत सांगते कीं ताबडतोब बाहेर पडा. तिच्या या प्रसंगावधानामुळें लेखक वांचला आणि पुस्तकहि लिहिलें गेलें. पथकांतल्या कित्येक सोबत्यांचीं नांवें देणाऱ्या लेखकाला पत्नीचें नांव एकदांहि लिहावेंसें वाटलें नाहीं, याचें आश्चर्य वाटतें. पतीनें पत्नीचें नांव घेऊं नये ही रीत आपल्याकडचीच आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

हिंदी वाचकाला जो भाग विशेष टोंचेल तो मोरोक्कोविषयींचा. फ्रँकोच्या सैन्यांत मोरोक्कोंतून आणलेले मूर शिपाई पुष्कळ होते. पोटासाठीं परक्याच्या यादवींत लढणारे हे मिठाचे शिपाई. ऑर्वेल यांनीं मार्मिकपणें विचारलें आहे कीं, प्रजासत्ताकानें मोरोक्कोला स्वातंत्र्य देऊं करून फ्रँकोच्या पिछाडीला बंड कां उठविलें नाहीं? उत्तरहि तेच देतात : तसें केलें असतें तर स्वतःच्या वसाहती असलेले फ्रान्स आणि इंग्लंड रागावले असते. ब्रह्मदेशांत साम्राज्याची काठी हातांत धरलेल्या मनुष्याची ही दृष्टि अचूक आहे. परंतु प्रश्न विचारून तो थांबतो. खंदकापलीकडचा उपाशी स्पॅनिश शिपाई पुस्तकांत माणूस म्हणून दिसतो. मूर शिपाई मात्र डावपेंचांतलें एक प्यादें म्हणूनच राहतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं दुसऱ्याच्या निशाणाखालीं फ्रान्स आणि मेसोपोटेमिया पाहिला, त्या वाचकांना ही उणीव जाणवल्यावांचून राहणार नाहीं.

येथें हुद्दारांकडे वळणें जरूर आहे. ते ज्या ब्रिगेडमध्यें होते तिच्यावर ज्या पक्षाचा वरचष्मा होता, त्याच पक्षावर ऑर्वेल यांचा आरोप आहे. म्हणून केवळ ऑर्वेल वाचून जो वाचक त्या ब्रिगेडविषयीं कायमचें मत बनवील तो अन्याय करील. ब्रिटिश बटालियन प्रथम लढली ती १९३७ च्या फेब्रुवारींत हारामा नदीच्या कांठीं; सुमारें ६०० माणसें लढाईंत उतरलीं, आणि तीन दिवसांनीं उभीं राहण्याजोगीं उरलीं तीं निम्म्याहूनहि कमी. ब्रिटनमधून गेलेल्या सुमारें २५०० स्वयंसेवकांपैकीं ५०० हून अधिक परत आले नाहींत. सान पेद्रोच्या मठांत, उवा आणि मारहाण सोसून, या कैद्यांनीं व्याख्यानांचे वर्ग चालविले, हातानें लिहिलेलें वर्तमानपत्र काढलें, बुद्धिबळाच्या सोंगट्या घडविल्या. या माणसांचें धैर्य खोटें नव्हतें. त्यांच्या पुढाऱ्यांचें वर्तन आणि त्यांचें स्वतःचें वर्तन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि दोन्ही एकाच वेळीं खऱ्या आहेत. ऑर्वेल यांच्या साक्षीला हुद्दारांच्या सोबत्यांची साक्ष जोडली म्हणजेच चित्र पुरें होतें. नागपूरच्या एका शिपायानें 'जॉन स्मिथ' हें नांव घेऊन सेवा केली, ही गोष्टहि आम्हांस सूचक वाटते. मुदतीचा शिपाई युद्ध संपल्यावर आपल्या नांवानें बोलला नाहीं, तर हजेरीपटावर उरतें तें दुसऱ्याचेंच नांव.

आणि आतां आपलें घर. यादवी आपणांस नवी नाहीं. १७०७ सालीं खेडच्या लढाईंत शाहू आणि ताराबाई यांचीं सैन्यें समोरासमोर आलीं, आणि धनाजी जाधव शाहूकडे वळले. १७६२ सालीं आळेगांव येथें माधवराव पेशव्यांस चुलत्यापुढें नमतें घ्यावें लागलें. या प्रसंगांचीं वर्णनें आपण बखरींत आणि इतिहासांत वाचतों. सरदार कोणीकडे गेला, कां गेला, काय ठरलें, हें त्यांत सविस्तर असतें. पण धनाजी वळले त्या दिवशीं त्यांच्यामागून वळलेल्या हजारों स्वारांच्या मनांत काय होतें? काल ज्याच्या विरुद्ध भाला उचलला त्याच्यासाठीं आज तोच भाला उचलतांना त्यांपैकीं एकाला तरी काय वाटलें? याचा एक शब्दहि आपल्या हातीं नाहीं. कारण बखर लिहिली ती दरबारच्या माणसानें, दरबारासाठीं. कृष्णाजी अनंत सभासदांनीं राजाराम महाराजांसाठीं जिंजीस लिहिलेली बखर ही आपल्या गद्याचें भूषण आहे. पावसाळ्यांत लष्कर छावणीस यावें, दसरा झाल्यावर मुलुखगिरीस निघावें, ही हंगामी चाकरीची व्यवस्था तींत किती नेमकी सांगितली आहे! परंतु ती व्यवस्था सांगणाऱ्याची आहे, भोगणाऱ्याची नव्हे.

देवरुखाहून फार लांब नव्हे अशा चिपळूण तालुक्यांतील हलवर्ण येथील छावणीला उद्देशून शिवाजी महाराजांनीं १६७३ च्या मे महिन्यांत पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा बेतानें वापरा, कुणब्याच्या घरचें धान्य, गवत, भाजी जबरीनें घेऊं नका, नाहींतर तुमच्यापेक्षां मोगल बरे असें रयत म्हणेल, असा त्याचा आशय. शिपायाला रयतेच्या डोळ्यांनीं स्वतःकडे पाहावयास सांगणारें इतकें थोर पत्र दुसरें क्वचितच असेल. तरीहि तें वाचतांना एक गोष्ट सलते : पत्र आहे, त्याला शिपायाचें उत्तर नाहीं. त्या पावसाळ्यांत हलवर्णला भिजत बसलेल्या पागेच्या एखाद्या स्वारानें चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर!

असा साक्षीदार आपल्याकडे अगदींच झाला नाहीं असें नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणा मिळविण्यासाठीं उत्तरेस गेले आणि झांशीच्या वेढ्यांत सांपडले. 'माझा प्रवास' हें त्यांचें पुस्तक आपल्या वाङ्मयांत एकमेव आहे. चिंतामणराव वैद्यांनीं तें १९०७ सालीं फेरफार करून छापलें. मूळ स्वरूपांत तें दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलें. गोडसेभटजींची साक्ष अमोल आहे. पण ते लढावयास गेले नव्हते, त्यांच्यावर लढाई येऊन पडली. बखरकारापाशीं इमान आहे पण मोकळीक नाहीं. गोडसेभटजींपाशीं मोकळीक आहे पण बंदूक नाहीं. ज्याच्यापाशीं दोन्ही आहेत अशा मनाच्या शिपायाच्या पुस्तकाची जागा मराठी वाचकाच्या कपाटांत अजून रिकामीच दिसते.

ती जागा भरण्याजोगी माणसें आपल्यांत नव्हतीं असें मात्र नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतून पलटणींत भरती होण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. देवरूख-संगमेश्वराच्या टापूंत ज्या घरांतून कोणी लढाईवर गेला नाहीं अशीं गांवें थोडींच निघतील. त्या माणसांच्या मनीऑर्डरी आल्या, बिल्ले आले, पेन्शन आलें. फक्त त्यांचें बोलणें आलें नाहीं. बोलावें कीं नाहीं याचा त्यांना संकोच वाटला असेल; खाल्ल्या मिठाला बट्टा लागेल अशी भीतीहि वाटली असेल. ऑर्वेल यांचें पुस्तक वाचून झाल्यावर निदान एवढें तरी पटावें कीं, जें पाहिलें तें खरेंपणानें सांगणें हा इमानाचा भंग नव्हे. ज्यांच्या घरीं असा एखादा वृद्ध शिपाई अजून ओटीवर बसलेला आहे, त्यांनीं त्याला लढाई कोणी जिंकली हें विचारूं नये. तेथें जळण मिळत होतें काय, सोबती कोण होते, आणि घरीं सांगूं नये असें काय पाहिलें, हें विचारावें. आणि तो जें सांगेल तें त्याच्याच नांवानें उतरून ठेवावें.